व्यवसाय-प्रशिक्षणातील मूल्यमापन आणि भाषा

कारागिराची परीक्षा दोन प्रकारे घेता येते : त्याला काय ठाऊक आहे ते विचारून, अथवा त्याच्या हातून काय घडते ते पाहून. भारतात १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत या दोहोंची सांगड घातलेली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रचलित अभ्यासक्रमानुसार प्रात्यक्षिकात व अंतर्गत मूल्यमापनात किमान ६० टक्के, तर अन्य विषयांत ३३ टक्के गुण आवश्यक असतात. शब्दांपेक्षा हातास येथे अधिक मान आहे, हे उघड होय.

तथापि हाताची परीक्षाही भाषेपासून अलिप्त नसते. अंतर्गत मूल्यमापनात कामाची अचूकता व हत्यारांचा वापर यांबरोबरच प्रशिक्षणार्थ्यास किती साहाय्य लागले, हेही पाहिले जाते. अधूनमधून साहाय्य लागल्यास ६० ते ७५ टक्के, अल्प लागल्यास ७५ ते ९०, आणि जवळजवळ न लागल्यास ९० टक्क्यांहून अधिक, अशी ही श्रेणी आहे.

ही कसोटी तळोद्यासारख्या ठिकाणी लावताना एक प्रश्न उद्भवतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली व खानदेशी यांचे वर्णन ग्रिअर्सन यांनी भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात मराठीहून पृथक केले होते. येथील अनेक प्रशिक्षणार्थ्यांची घरची बोली एक, शिकवण्याची मराठी दुसरी आणि कार्यशाळेतील इंग्रजी संज्ञा तिसरी.

समजा, जोडारी व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थ्याने कानस हाती घेऊन निदेशकास पुन्हा विचारले. कानस कशी चालवावी हे त्यास उमगले नसेल, तर ती कौशल्याची उणीव होय. परंतु ‘टॉलरन्स’ म्हणजे मापातील अनुज्ञेय फरक, एवढेच त्यास ठाऊक नसेल, तर ती शब्दाची उणीव होय. गुणपत्रकात मात्र दोन्ही ‘साहाय्य’ म्हणूनच नोंदली जाण्याचा संभव असतो. आणि ज्या प्रमाणपत्रावर पुढील शिकाऊ उमेदवारी व नोकरी अवलंबून, त्यावर त्याची छाया पडते.

यास्तव काम सोपविताना आकृती व नमुन्याचा नग समोर ठेवावा, संज्ञांचा अर्थ आधी स्पष्ट करावा, आणि त्यानंतर लागलेले साहाय्यच मोजावे. याने कसोटी सैल होत नाही. उलट जे मोजावयाचे तेच मोजले जाते.