वेळेचे व पैशाचे एकच कोष्टक

कोणताही उद्योग उभारताना दोन प्रश्न सोडवावे लागतात : काम केव्हा पुरे होईल आणि पैसा केव्हा लागेल? पहिल्याचे उत्तर अभियंता शोधतो, दुसऱ्याचे हिशेबनीस. ही उत्तरे निरनिराळ्या वह्यांत राहिली, तर कामाची तारीख पुढे सरकते आणि अंदाजपत्रक मात्र जुनेच राहते. ह्या दोन वह्यांची सांगड घालण्याचे कार्य प्रकल्प-व्यवस्थापनाच्या संगणकीय आज्ञावल्या करतात.

त्यांच्या मुळाशी असलेले गणित १९५७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. ड्यूपाँ ह्या रासायनिक कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने 'निर्णायक मार्गाची' पद्धत रचली. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, मद्रासेत गिंडीची औद्योगिक वसाहत सुरू झाली. त्याच शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, वाढलेल्या झोहो कंपनीची 'झोहो प्रोजेक्ट्स' ही आज्ञावली २००६ मध्ये बाजारात आली. एके काळी केवळ मोठ्या कारखान्यांना परवडणारे हे गणित आता लहान कारखानदारही करू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गिंडीतील एका कारखान्यास नवे यंत्र बसवायचे आहे. यंत्र येण्यास १० आठवडे, त्याचा पाया बांधण्यास ४, विजेची वाढीव जोडणी मिळण्यास ६ आठवडे लागतील. हे सर्व झाल्यावर यंत्र बसवून त्याची चाचणी घेण्यास २ आठवडे. सर्वांची बेरीज २२ होते. परंतु पहिली तीन कामे एकाच वेळी चालू शकतात, म्हणून प्रकल्प १० अधिक २, म्हणजे १२ आठवड्यांत संपेल. यंत्र येणे व ते बसवणे हा येथील निर्णायक मार्ग होय. पायाच्या कामास ६ आठवड्यांची सवड आहे.

आता पैशाकडे पाहू. यंत्रास २० लाख, पायास ३ लाख व विजेस १ लाख असे २४ लाख रुपये कर्जाऊ घेतले आहेत; व्याज दरसाल दर शेकडा १२. पायाचे काम सहा आठवडे उशिरा आरंभले, तर सुमारे ४ हजार रुपये व्याज वाचते. परंतु मग सवड मुळीच उरत नाही. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. २०१५ च्या डिसेंबरातील पुरात तेथील औद्योगिक वसाहतींचेही मोठे नुकसान झाले. पावसाने पाया चार आठवडे अडला, तर आलेले यंत्र तसेच पडून राहील आणि २४ लाखांवर सुमारे २२ हजार रुपये व्याज चढेल. बुडालेले उत्पादन वेगळेच. पाया आधी आरंभला असता, तर हाच खोळंबा सवडीत सामावला असता.

तारीख बदलताच आज्ञावली ही सारी आकडेमोड क्षणात नव्याने मांडते. मात्र पाऊस किती दिवस काम अडवील, हे तिला माणसानेच सांगावे लागते. म्हणून प्रत्येक कामास प्रत्यक्ष लागलेला वेळ व खर्च तिच्यात दर आठवड्यास नोंदवावा. अशा नोंदी साठत गेल्या, म्हणजे पुढील अंदाजपत्रक अनुभवाच्या आधारावर उभे राहते.