आपलाच आवाज परत का येतो?

ऑफिसच्या इंटरनेट फोनवर आपलाच आवाज परत ऐकू आला की आपण आधी आपला हेडसेट बदलतो. ते बहुधा वाया जाते, कारण दोष पलीकडच्या टोकाला असतो. तिथल्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरतो. म्हणून समोरच्याला क्षणभर माइक म्यूट करायला सांगून आपण बोलून पाहावे. प्रतिध्वनी थांबला, तर उपाय त्यांच्याकडे आहे: स्पीकरचा आवाज कमी करणे किंवा हेडसेट लावणे.

ऑफिसातल्या ऑफिसात बोलणे स्वच्छ, पण बाहेर तांब्याच्या लाइनवर फोन लावला की त्रास, असे असेल तर संशय गेटवेवर, म्हणजे इंटरनेट फोन बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या उपकरणावर. तिथे चार तारांचा मार्ग दोन तारांना मिळतो. दोन्हींचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) जुळला नाही की थोडा सिग्नल उलटा फिरतो. इम्पिडन्सची सेटिंग लाइनशी जुळवावी, गेन जरा उतरवावा, एको कॅन्सलर चालू आहे ना ते पाहावे.

साध्या फोनवरही आवाज असा परतायचा, पण सुमारे २५ मिलिसेकंदांच्या आत आला तर कानाला तो वेगळा कळत नाही. इंटरनेटवर आवाजाची पॅकेट बनतात, बफरमध्ये थांबतात, उशीर वाढतो आणि तोच आवाज खटकू लागतो. नुसता इंटरनेटचा वेग वाढवून हा त्रास सहसा जात नाही.