संगणकात एवढ्या तारा कशाला? अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी थोडे विज्ञान

हदगावातील एका अभ्यासिकेत दान मिळालेला संगणक अचानक बंद पडला. खोलून पाहिले, तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या चार पिनांच्या जोडणीतली एक पिन काळी पडली होती, प्लास्टिक वितळले होते. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी दोनपैकी एक पिवळी तार कापून टाकली होती. 'दोन्हींत १२ व्होल्टच आहेत, मग एक पुरे,' असा हिशोब. तो चुकतो कुठे?

भिंतीतून २३० व्होल्ट येतात. एसएमपीएस त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ९६ वॅटसाठी २३० व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर पुरतो. १२ व्होल्टवर मात्र ८ अँपिअर लागतात. दोन तारा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ४ येतात. एक कापली की उरलेलीवर ८. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून त्या पिनेवर ती चौपट होते. तार सोसते, पण जुनी, सैल, धूळ बसलेली पिन सोसत नाही.

दुसरे कारण व्होल्टेज घटण्याचे. अर्धा मीटर नेहमीच्या तारेतून १० अँपिअर गेले, तर जाऊन-येऊन सुमारे ०.२ व्होल्ट वाटेतच संपतात. ३.३ व्होल्टला फक्त ५ टक्के, म्हणजे ०.१६५ व्होल्टची सूट असते. म्हणून २४ पिनांच्या मुख्य जोडणीत ३.३ व्होल्टच्या चार, ५ व्होल्टच्या पाच आणि परतीच्या आठ काळ्या तारा असतात. एकच जाड तार टाकली तर ती वाकत नाही, आणि पिन बारीकच राहते.

तेव्हा जुने संगणक घेताना एवढे पाहा: तारा कापलेल्या नाहीत ना, पिना काळ्या नाहीत ना, अर्थिंग आहे ना. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही वेळ राहतो.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज धोरणाची पायाभरणी केली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासिकेत वीज हाताळणाऱ्याला 'का?' विचारता आले पाहिजे. तिथे रात्री उशिरापर्यंत आपलीच मुले बसलेली असतात.

जय भीम!