शब्द एकच, उच्चार दोन!



आमच्या टीममध्ये आम्ही चार मराठी इंजिनिअर. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या रिव्ह्यूत शेरा आला: काम उत्तम, पण फोनवर बोलणे नीट कळत नाही. क्लायंटसमोर जायची संधी त्यामुळे हुकली. बिचाऱ्याचे ग्रामर तर आमच्यापेक्षा पक्के! मग रोज दुपारी डबे उघडून आम्ही याचा छडा लावायला बसलो.

मराठीत 'खेळ' हे नाम. क्रियापद झाले की खेळतो, खेळला, खेळणे असे शेपूट लागते. इंग्रजीची अशी बरीच शेपटे जुन्या काळीच झडून गेली. म्हणून एकच शब्द दोन्ही कामे करतो. (२००६ मध्ये तर 'गूगल' हे कंपनीचे नावसुद्धा ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत क्रियापद म्हणून दाखल झाले. आपल्याला मात्र 'गूगल कर' म्हटल्याशिवाय चैन पडत नाही!)

मग ऐकणाऱ्याला फरक कळतो कसा? वाक्यातल्या जागेवरून, आणि काही शब्दांत आघातावरून. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर: 'रेकर्ड'. क्रियापद असेल तर दुसऱ्यावर: 'रिकॉर्ड'. जोर म्हणजे ओरडणे नव्हे. ते अक्षर थोडे लांबवायचे, आवाज चढवायचा आणि शेजारचे अक्षर चक्क गिळायचे. आपण मराठी माणसे सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखाच मान देतो, आणि घोटाळा तिथेच होतो. परमिट, कॉन्ट्रॅक्ट, प्रेझेंट, प्रॉजेक्ट, सगळे याच जातीचे. आम्ही प्रोग्रॅमर दिवसभर 'ऑब्जेक्ट' म्हणतो, पण मीटिंगमध्ये हरकत घ्यायची तर 'अब्जेक्ट' म्हणायला हवे.

१५७० च्या एका इंग्रजी शब्दसंग्रहात अशा जोड्या तीनच होत्या: रेबेल, आउटलॉ आणि रेकॉर्ड. आज शंभराहून जास्त आहेत. पण सरसकट नियम लावू नका. रिपोर्ट, कंट्रोल, आन्सर यांचा जोर दोन्हीकडे एकाच जागी राहतो. 'एस्टिमेट'मध्ये जोर हलत नाही, शेवट बदलतो: नाम असेल तर 'एस्टिमिट'.

आमच्या मित्राने यावर सोपा उपाय काढला. हातात रबरबँड धरायचा आणि जोराच्या अक्षराला ताणायचा. गाडीत, लाल सिग्नलला, सहा महिने हे चालले होते. शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, पण त्याने सोडले नाही. गेल्या महिन्यात त्याने क्लायंटला पहिला डेमो दिला. 'प्रॉजेक्ट' अजून चुकतो, पण परत सांगायला कोणी लावले नाही.