मेंदूज्वर गेला, पण थकवा का जात नाही?

मेंदूज्वराने बेशुद्ध पडलेला माणूस पंधरा-वीस दिवसांनी स्वतःच्या पायांनी चालत घरी आला की घरच्यांना आभाळ ठेंगणे होते. देवापुढे नारळ फुटतो, शेजारीपाजारी भेटून जातात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. महिना-दोन महिने उलटतात आणि दवाखान्यात तक्रार येते, "डॉक्टर, ताप नाही, रिपोर्ट चांगले आहेत, जेवणही जाते, पण माणूस पूर्वीचा राहिला नाही." हत्ती गेला, शेपूट राहिले असे आपण म्हणतो. या आजारात ते शेपूटही चांगलेच जड असते. आज त्याविषयीच पाहू.

हा आजार नेमका काय?

मेंदूला सूज येते त्यास मेंदूदाह किंवा एन्सेफलायटिस म्हणतात; बोलीभाषेत मेंदूज्वर. कारणे अनेक. भातशेतीच्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर विदर्भाला परिचित आहे. चांदीपुरा विषाणूला तर नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचेच नाव आहे. १९६५ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो तेथील रुग्णांच्या रक्तात शोधला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो व मुख्यतः लहान मुलांना गाठतो. २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ साली गुजरातमध्ये त्याची मोठी साथ आली होती. याखेरीज हर्पिस विषाणू, क्षयाचे जंतू, स्क्रब टायफस यांमुळेही मेंदूला किंवा त्याच्या आवरणाला सूज येते.

यातून वाचलेले सगळेच पूर्ण बरे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जपानी मेंदूज्वर झालेल्यांपैकी ३० ते ५० टक्के लोकांत कायमचा काही ना काही दोष राहू शकतो. हात-पाय लुळा पडला तर तो सर्वांना दिसतो. थकवा, विसराळूपणा, चिडचिड हे दोष दिसत नाहीत, म्हणून त्यांना नावे ठेवली जातात.

आळस नव्हे, आजार

एका किराणा दुकानदाराचे उदाहरण घ्या. वय अडतीस. आजारापूर्वी गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ. आजारानंतर दोन गिऱ्हाइके एकाच वेळी बोलू लागली की हा गोंधळतो, दिलेले पैसे पुन्हा मागतो, दुपारी बाराच्या सुमारास गल्ल्यावरच मान टाकतो. घरात कुजबुज सुरू झाली की दुकान आता धाकट्या भावाच्या हाती द्यावे. दुसरे उदाहरण आठवीतल्या मुलाचे. पूर्वी पहिल्या पाचांत येणारा मुलगा फळ्यावरचे निम्मेच उतरवून घेतो आणि घरी येताच झोपतो. शाळेत तो 'ढ' ठरला आणि घरी मार खाऊ लागला. दोघेही आळशी नव्हते. दोघांचाही मेंदू दुखावलेला होता.

असे का होते हे समजून घ्या. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटाच वापरतो. सुजेमुळे काही पेशी मरतात, काहींचे एकमेकींशी असलेले धागे तुटतात. पूल वाहून गेला की एस. टी. लांबच्या रस्त्याने जाते. ती पोहोचते, पण उशिरा आणि जास्त डिझेल जाळून. दुखावलेल्या मेंदूचेही तसेच आहे. पूर्वी सहज होणारे काम आता फेऱ्याने होते, म्हणून माणूस थकतो. हर्पिसचा विषाणू तर बहुधा स्मरणशक्तीच्या भागावरच घाव घालतो. स्कॅनमध्ये प्रत्येक तुटलेला धागा दिसतो असे नाही. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणजे रुग्ण ढोंग करतो असा अर्थ कृपया काढू नका.

आधी हे तपासून घ्या

सगळाच दोष जुन्या आजारावर ढकलणेही बरोबर नाही. रक्त कमी असणे, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, रक्तातील साखर व सोडियम या तपासण्या करून घ्याव्यात. झटक्यांच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते. पण त्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा गोळी बदलता येते. मध्येच क्षणभर शून्यात पाहणे, हातातली वस्तू गळणे हे सौम्य झटके असू शकतात. उदासी, झोप न लागणे, जगण्यात रस न वाटणे यांवरही उपचार आहेत. मनातले बोलण्यासाठी शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा आहे.

पुन्हा ताप, झटके, वाढती डोकेदुखी किंवा वागण्यात अचानक बदल दिसला तर मात्र थांबू नका. हर्पिसच्या काही रुग्णांत काही आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. त्यावर वेळीच औषधे देता येतात. अशा वेळी अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत.

घरी काय करावे?

दिवसाची शक्ती ही महिन्याच्या पगारासारखी जपून खर्चावी. महत्त्वाचे काम सकाळी करावे. एका वेळी एकच काम, मध्ये थोडी विश्रांती. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून सगळी कामे उरकू नयेत; पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. दुपारी अर्ध्या तासाची झोप पुरे, रात्री झोपण्याची वेळ ठरलेली असावी. रोज थोडे चालावे व अंतर हळूहळू वाढवावे. दारू पूर्ण वर्ज्य.

खिशात एक छोटी वही ठेवावी. किल्ली, चष्मा, औषधे यांची जागा ठरवून टाकावी. गोळ्यांच्या वेळेसाठी मोबाइलचा गजर लावावा. बोलताना टीव्ही बंद करा, सावकाश आणि एकेक गोष्ट सांगा. झटके येत असतील तर वाहन, विहीर, चूल आणि उंचावरची कामे यांपासून दूर ठेवा.

मुलाच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, पुढचा बाक, लिहायला जास्त वेळ, एवढ्यानेही खूप फरक पडतो. काही मुलांची अडचण वरच्या वर्गात अभ्यास वाढल्यावरच उघडी पडते, तेव्हा जुना आजार विसरू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मोठ्यांनी मेंदूविकारतज्ज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकच्या जाहिराती आणि 'ताकदीचे' सलाईन यांवर पैसे घालवू नका. तुटलेले धागे बाटलीतून जुळत नाहीत. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण नंतरही वर्ष-दोन वर्षे आणि त्यापुढेही हळूहळू चालू राहते. काहींना थोडी उणीव कायम राहते. तिच्यासह जगण्याची रीत बसवावी लागते.

आपल्या जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराची लस दिली जात असेल तर बाळाला नवव्या महिन्यात व पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान ती जरूर द्या.

त्या दुकानदाराने आता उधारीची वही ठेवली आहे. दुपारी बारा ते तीन गल्ल्यावर पत्नी बसते. वाटणीची भाषा तूर्त थांबली आहे. औषधाइतकेच काम घरच्यांच्या समजुतीने केले. आपल्या ओळखीत कोणी मेंदूज्वरातून उठले असेल, तर "आता झालास ना बरा?" असे विचारण्याऐवजी "दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त थकतोस?" असे विचारून पाहा.