संगणकातील ध्वनियंत्रांची कायमची ओळख

लोकगीते, लोककथा आणि बोली ध्वनिमुद्रित करून जतन करण्याचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. भोपाळ येथे १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवनाचे उद्घाटन झाले आणि तेथील ‘अनहद’ या विभागात शास्त्रीय व लोकसंगीताला स्थान मिळाले. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. गिरण्या आल्या, जाती थांबली. मागे राहिले ते हे संकलन. खंडवा, बैतूल आणि मेळघाट या भागांत बोलली जाणारी कोरकू, तसेच भिली व गोंडी या बोलींतील ठेवाही असाच जपावयाचा आहे.

हे काम आज शाळेतील किंवा पंचायतीतील साध्या संगणकावरही होऊ शकते. तथापि, एक अडचण वारंवार येते. काल उत्तम चाललेला मायक्रोफोन आज मुका होतो, अथवा आवाज भलत्याच यंत्रातून मुद्रित होतो. यंत्र मात्र बिघडलेले नसते. संगणकाने त्याचा क्रमांक बदललेला असतो.

क्रमांक का बदलतो?

एका संगणकात आवाजाची यंत्रे अनेक असतात. मूळ फळीवरील साऊंड कार्ड, पडद्याकडे आवाज नेणारी एचडीएमआय जोडणी, कॅमेऱ्यातील मायक्रोफोन आणि यूएसबी मायक्रोफोन मिळून सहज चार होतात. लिनक्स प्रणाली त्यांना शून्यापासून क्रमांक देते. संगणक सुरू होताना ज्या यंत्राचा ड्रायव्हर प्रथम सज्ज होईल, त्याला सामान्यतः आधीचा क्रमांक मिळतो. ही शर्यत रोज एकाच क्रमाने संपेल याची शाश्वती नसते. कॅमेरा काढला किंवा नवे यंत्र जोडले तरीही क्रम हलतो.

रेल्वेचे उदाहरण घेतल्यास ही बाब स्पष्ट होईल. ‘इंजिनापासून चौथा डबा’ अशी खूण धरणारा प्रवासी गाडीची दिशा बदलताच चुकतो. डब्यावर लिहिलेला क्रमांक पाहणारा चुकत नाही. म्हणून संगणकालाही यंत्राची ओळख त्याच्या रांगेतील जागेवरून न सांगता, त्याच्या स्वतःच्या खुणेवरून सांगितली पाहिजे.

खूण कोठे सापडते?

प्रत्येक यूएसबी यंत्रात निर्मात्याचा व नमुन्याचा असे दोन संकेतांक नोंदलेले असतात. काही यंत्रांत स्वतंत्र अनुक्रमांकही असतो. स्वस्त यंत्रांत तो बहुधा नसतो. आतील कार्डाची ओळख त्याच्या जागेवरून पटते. लिनक्सवर ‘एप्ले’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह दिली असता आवाज वाजविणाऱ्या यंत्रांची यादी मिळते. ‘एरेकॉर्ड’ ही आज्ञा तशीच दिल्यास मुद्रण करणाऱ्यांची मिळते. या यादीत क्रमांकाबरोबर प्रत्येक कार्डाचे छोटे नावही असते.

करावयाची व्यवस्था

पहिली गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये क्रमांक न लिहिता हे नाव लिहावे. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम भागते. त्याहून पक्की व्यवस्था हवी असल्यास ‘यूडेव्ह’ या घटकात एक नियम लिहून ठेवता येतो. अमुक संकेतांकाचे यंत्र आले की त्याला अमुक नाव द्यावे, असे त्यात नमूद करावे. मग यंत्र पहिले येवो वा शेवटचे, त्याचे नाव तेच राहते.

एकाच नमुन्याचे दोन मायक्रोफोन असतील आणि त्यांना अनुक्रमांक नसेल, तर दोघांचे संकेतांक सारखेच ठरतात. अशा वेळी नियमात यूएसबीच्या छिद्राची जागा नमूद करावी लागते, आणि मग मायक्रोफोनही ठरलेल्या छिद्रातच लावण्याची शिस्त पाळावी लागते.

विंडोज प्रणालीत यंत्रे नावांनीच दिसतात. परंतु नवे यंत्र जोडताच कधी कधी तेच मुख्य यंत्र ठरते. म्हणून मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये ‘मुख्य यंत्र’ हा पर्याय न ठेवता हवा तो मायक्रोफोन नावाने निवडावा. ध्वनीच्या मांडणीत यंत्राला ‘ओवी मुद्रण’ यांसारखे आपल्या सोयीचे नावही देता येते. अनुक्रमांक नसलेले यंत्र दुसऱ्या छिद्रात लावल्यास विंडोज त्याला नवे समजू शकते, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षक व कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

मायक्रोफोनच्या तारेवर व संगणकाच्या छिद्राजवळ एकाच खुणेची चिठ्ठी चिकटवावी. यंत्राचे नाव व संकेतांक शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत लिहावेत, म्हणजे शिक्षकांची बदली झाली तरी माहिती मागे राहील. नाव दिल्यानंतर संगणक दोन-तीन वेळा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ओळख टिकते की नाही ते पाहावे. मुद्रणापूर्वी मायक्रोफोनच्या तोंडावर हलकेच बोट फिरवावे. खरखर ठळक ऐकू आली तर योग्य यंत्र निवडले आहे. पुसट आली किंवा आलीच नाही तर आवाज दुसऱ्याच यंत्रातून घेतला जात आहे, असे समजावे. दहा सेकंदांचे मुद्रण करून ते ऐकल्याशिवाय गाणाऱ्या व्यक्तीला आरंभ करण्यास सांगू नये.

या तपासणीस पाच मिनिटे पुरतात. ती टाळल्यास हानी मोठी होऊ शकते. वयोवृद्ध गायिका दूरच्या पाड्यावरून येते, तासभर गाते, आणि संगणकात केवळ शांतता साठते. तिला पुन्हा बोलावणे प्रत्येक वेळी शक्य होतेच असे नाही. काही गीते एकाच व्यक्तीच्या स्मरणात उरलेली असतात, आणि त्यांच्या मुद्रणाची संधीही एकदाच येते.