वाढदिवसाची तारीख आणि उत्तरेचे आकाश

वाढदिवसासाठी बर्फाळ उत्तरेकडे जाणाऱ्या जोडप्याला ठिकाण निवडता येते, तारीख मात्र ठरलेली असते. म्हणून त्या तारखेला तेथे काय पाहायला मिळेल, हे आधी जाणून घेणे इष्ट ठरते.

ट्रॉम्सो (नॉर्वे): आर्क्टिक वृत्ताच्या, म्हणजे सुमारे ६६.५ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या, पलीकडील या शहरात नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. या काळाला ध्रुवीय रात्र म्हणतात. तरीही दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि अटलांटिकमधील उबदार सागरी प्रवाहामुळे बंदर गोठत नाही.

युकासयार्वी (स्वीडन): येथील बर्फाचे हॉटेल दर हिवाळ्यात तोर्ने नदीतून कापून काढलेल्या बर्फाच्या लाद्यांनी नव्याने उभारले जाते, खोल्यांचे तापमान उणे ५ ते उणे ८ अंश सेल्सिअस राहत असल्याने पाहुणे रेनडियरच्या कातड्यावर जाड स्लीपिंग बॅगेत झोपतात.

ध्रुवीय प्रकाश: सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीय प्रदेशांकडे वळतात आणि १०० किलोमीटर वा त्याहून अधिक उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंवर आदळले की हिरवी आभा उमटते. तिला अंधारे, निरभ्र आकाश लागते. त्यामुळे जूनमध्ये वाढदिवस असणाऱ्यांच्या वाट्याला तिच्याऐवजी मध्यरात्रीचा सूर्य येतो.

व्हिसा: दोन्ही देश सामाईक प्रवेश-परवान्याच्या शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा जोडावा लागतो.